मेण आटलेली माशी

शके अठराशे अठ्ठ्याण्णव, फाल्गुन महिना, पळस नुकता फुललेला. एका जंगलात जांभळाच्या ढोलीत सातेरी मधमाश्यांचे पोळे होते. मुलांनो, त्या पोळ्यात एक बांधणारी माशी राहत असे. पोटातून मेण काढायचे आणि पोळ्याची घरे बांधायची, एवढेच तिला ठाऊक. मिशीने एक भिंत मोजल्याशिवाय ती दुसरी घालत नसे. एका सकाळी मेण सुटेना. दुसऱ्या सकाळीही नाही.

"मावशी, जरा सरका," तरुण माश्या म्हणाल्या. त्यांच्याकडे मेण भरपूर होते. दारावरच्या पहारेकरणीने रीत सांगितली, "बिनकामाचीला इथे जागा नाही. मध आण. पळस गळेपर्यंत वाट बघू, मग दार बंद."

बांधणारी जन्मात पहिल्यांदा उजेडात आली. पळसाच्या फुलात शिरली आणि तिथेच चुकली. मध ओढायचा सोडून तिने फूल मोजायला घेतले. आत किती खोल आहे? वाकते कुठे? पुढे वारुळाचे भोक दिसले, तेही मोजले. खडकातली फट मोजली. परतली ती रिकामी.

"काय आणलंस?"

"पळस आत वाकतो, पण भिंत कुठेच पातळ नाही."

"अगं बाई, हिला फुलात माळा काढायचाय!" दारावर हशा पिकला. पहारेकरणीने पाय आडवा घातला. तेवढ्यात मध आणणारी एक म्हातारी माशी पुढे झाली. तिने आपल्या पोटातला थेंब बांधणारीच्या तोंडात घातला. "आता नाही ना ही रिकामी? सोड तिला." मग बांधणारीला म्हणाली, "दान नव्हे हं. उसना दिलाय."

"फेडीन," बांधणारी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशीही ती मोजतच हिंडली. सवय सुटेना, आणि खरे सांगायचे तर तिला सोडायचीही नव्हती.

पळस गळू लागला. त्याच सुमारास पोळ्यात गर्दी मावेना, तेव्हा राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडली. सगळ्या उघड्या फांदीवर लोंबकळल्या. घर हवे होते, तेही लगेच. म्हातारीने हिरड्याची एक ढोली शोधली. कोरडी, ऐसपैस, तोंड लहान. तिने नाचून दिशा दाखवली आणि सगळ्यांना घर पसंत पडले. आत कसे असेल, म्हणून बांधणारी बघायला गेली. अंधारात खालपासून वरपर्यंत चालली आणि परत आली.

"आजी, घर छान आहे. पण मेण धरणार नाही. पोळं मधानं भरलं की खाली येईल."

"काल उजेड पाहिलेली तू, मला शिकवतेस?"

"माझे पाय बघ."

पायांना कुजक्या लाकडाचा भुगा लागला होता. म्हातारीने तो भुगा मिशीने चाचपला.

"मग जायचं कुठं?"

"खडकातल्या फटीत. आतून टणक आहे. मी मोजलीय."

"मग नाच की! माझं तोंड काय बघतेस?"

बांधणारीला नाच येत नव्हता. ती भिंत मोजताना चालते तशी पावले टाकत गेली. माश्या हसल्या, पण दिशा कळली. म्हातारीही तिच्यामागून तीच पावले टाकू लागली. मोहोळ उठले आणि खडकात शिरले.

नव्या दारावर त्याच पहारेकरणीने विचारले, "मध?"

"नाही."

"जा आत."

तेव्हापासून नवी जागा पारखायचे काम तिचे झाले.

आषाढात म्हातारीचे पंख फाटले. एका संध्याकाळी ती भिजून आली, रिकामी. दारावर नवी पहारेकरीण होती. तिने पाय आडवा घातला. बांधणारी आतून आली आणि तिने म्हातारीच्या तोंडात एक थेंब घातला.

तात्पर्य : हातचे काम सुटले तरी त्या कामाने दिलेली पारख सुटत नाही, ती घेऊन नव्या जागा बघत हिंडावे.