विसरायचा हुकूम

कोल्हापूरची शर्वाणी घोरपडे नोकरीसाठी लिस्बनच्या एका हॉटेलात दाखल झाली. पहिल्याच सकाळी मुख्य आचारी दुआर्ते यांनी सगळ्यांसमोर तिला फर्मावलं, "भारतात शिकलेलं सगळं आजपासून विसरायचं. जमत नसेल तर परत जा!"

"बरं," म्हणत शर्वाणीने ॲप्रन बांधला आणि मुकाट्याने कांदे सोलायला घेतले.

संध्याकाळी मालक स्वतः स्वयंपाकघरात आले. त्यांच्या पाहुण्यांना झणझणीत तांबडा रस्सा हवा होता. दुआर्ते लगबगीने म्हणाले, "शर्वाणी, चटकन रस्सा कर!"

"सर, तो मी भारतात शिकले होते. तुमच्या हुकुमाप्रमाणे सकाळीच विसरले."

मालक खो खो हसले. दुआर्तेंचा चेहरा पडला. "हुकूम मागे घेतो," ते पुटपुटले.

शर्वाणीने पातेलं चढवलं. "आठवला, सर!"