पाहुण्यानं बसवलेली काच

एक गाव होतं. नाव सांगत नाही. तिथं आमचे पाहुणे राहतात, आणि आमच्या पाहुण्यांना राग फार लवकर येतो.

त्या गावाची एक रीत होती. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा, तिसरा मामाच्या आडनावाचा. तेवढ्यात नातं निघालं नाही तर आत्याच्या सासरी जायचं, तिथंही नाही जमलं तर चुलत आजीच्या माहेरी. कुठं ना कुठं धागा सापडायचाच. आणि एकदा का नातं निघालं, की तो माणूस पाहुणा झाला. पाहुण्याला चहा पाजायचा, जेवायला थांबवून घ्यायचं, पण त्याच्या कामाविषयी चकार शब्द विचारायचा नाही. ‘नीट करशील ना रे?’ असं पाहुण्याला विचारणं म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणणं. निदान त्या गावात तरी असंच मानत.

या विद्येत गुणवंतरावांचा हात धरणारा कुणी नव्हता. एसटीच्या थांब्यावर ते शेजारच्याशी बोलायला लागले की एसटी यायच्या आत तो त्यांचा साडू तरी निघायचा, नाहीतर व्याही. माणूस तसा सोन्यासारखा. दिलदार, शब्दाला पक्का. ही एवढी एक खोड सोडली तर नाव ठेवायला जागा नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी रेवती. तिला शेजारच्याच तालुक्यात दिली होती. लग्नात शेकडो माणसं जेवून उठली आणि नेमकी विहीणबाईंच्या, म्हणजे रेवतीच्या सासू सुलोचनाबाईंच्या, पानात जिलेबी वाढायची राहिली. आता ही काय मोठी गोष्ट झाली? पण त्यांना ती मोठी वाटली. सण कुठलाही असो, बोलता बोलता ती जिलेबी निघायचीच. आणि निघाली की ऐकून घ्यायला समोर असायची ती बिचारी रेवती.

अशात अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, वाण द्यायचं, हे तर सगळ्यांना ठाऊक आहेच. जावयाचा हा पहिलाच धोंडा. आदल्या आठवड्यात रेवतीचा फोन आला.

“बाबा, या खेपेला काही उणं पडू देऊ नका. तुमचं एका दिवसात उरकतं. मला इथं राहायचंय.”

गुणवंतराव म्हणाले, “बाळा, तुझ्या बापाचा शब्द आहे. मी स्वतः गाडी घेऊन जावयांना न्यायला येतो.”

ते तालुक्याला गेले आणि जावयासाठी भलीथोरली पितळी समई घेऊन आले. निघताना त्यांच्या पत्नी वत्सलाबाईंनी बजावलं होतं, समई गाडीत आडवी ठेवा. पण जावयाची समई आडवी ठेवायची? गुणवंतरावांनी ती डिकीत ऐटीत उभी केली आणि डिकीचं दार धाडकन खाली ओढलं. समईला ओरखडासुद्धा आला नाही. मागच्या काचेचा मात्र भुगा झाला. सीटवर, सीटच्या फटीत, पायपुसण्यावर, जिकडे बघावं तिकडे काचेचे खडे.

वत्सलाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “झालं समाधान? आता काचवाल्याला फोन करा. आणि आधी नीट विचारून घ्या. काच आपल्याच गाडीची आहे का, जुनी की नवी. आपल्या काचेत धुकं घालवणाऱ्या तारा होत्या, तशा तिच्यात आहेत का. वायपरला भोक आहे का. बसवल्यावर गाडी किती वेळ हलवायची नाही. आणि हे आत सांडलेलं कोण काढणार?”

“अगं, काच बसवायचीय, सोयरीक जमवायची नाही,” गुणवंतराव म्हणाले. “इतकं कशाला विचारायचं?”

“मी मटार घेताना शेंग फोडून बघते,” वत्सलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

तालुक्यातल्या एका काचवाल्याचा नंबर मिळाला. गुणवंतरावांनी रीतीप्रमाणे गाव, आडनाव, मामा असं सगळं विचारून पाहिलं. धागा काही लागेना. तो माणूस लांबून इकडे येऊन राहिलेला. वर तोच उलट विचारायला लागला. गाडी कोणत्या साली घेतली? मागं वायपर आहे का? तारा आहेत का? गाडी सावलीत उभी राहील का?

गुणवंतरावांनी फोन ठेवून दिला. “काम याला द्यायचं आणि साक्ष मी द्यायची? काय माणूस आहे!”

दुसरा नंबर लागला विलासचा. गाव विचारलं, आडनाव विचारलं, मामाचं आडनाव ऐकलं मात्र, गुणवंतराव खुर्चीत सावरून बसले.

“म्हणजे आमच्या धाकट्या काकूंच्या भावजयीचा तू भाचा?”

“होय की दादा! तुम्ही तर आमच्या घरातलेच निघालात.”

झालं! मग अर्धा तास कोण कुठं असतं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा गुडघा दुखतो, सगळं बोलून झालं. काचेचा विषय शेवटी निघाला तो असा. “मग येतोस ना?” “येतो की, सकाळी.” “बरं.” संपलं बोलणं. वत्सलाबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, “विचारलंत का सगळं?” गुणवंतराव छाती फुगवून म्हणाले, “विचारायचं काय त्यात? पाहुणा निघाला तो.”

विलास सकाळी येतो म्हणाला होता. कुठल्या सकाळी, ते कुणी विचारलं नाही. तो आला थेट धोंड्याच्या दिवशी, ऊन चांगलं तापल्यावर. वत्सलाबाई धोंडे उकडत होत्या, तिकडे जावई नटून वाट बघत होते आणि इकडे विलास पोहे खात होता. घाई कर, असं पाहुण्याला म्हणायचं कसं?

शेवटी एकदाची काच बसली. दिसायला छान होती, पण तिच्यात तारा नव्हत्या. वायपरला भोकही नव्हतं, त्यामुळे विलासनं वायपर काढून डिकीत ठेवून दिला. गुणवंतरावांनी ते पाहिलं आणि तरीही “वा, झकास!” म्हणाले. वत्सलाबाई झाडू घेऊन गाडीकडे निघाल्या, तर गुणवंतरावांनी डोळे वटारले. “पाहुण्यासमोर झाडू मारतेस? त्याला वाटेल आपण त्याच्या कामाला नावं ठेवतोय.” मग विलासनं वरवर दिसले तेवढे तुकडे उचलले आणि गुणवंतरावांनी मागच्या सीटवर जावयाच्या मानाची भरजरी चादर अंथरली. खालचे तुकडे खालीच राहिले.

विलास जाताना काहीतरी बोलू पाहत होता. दोनदा वळला, दोनदा घुटमळला, मग हात जोडून निघून गेला. गुणवंतरावही काच चिकटवलेला डिंक वाळायची वाट न बघता गाडी घेऊन निघाले. गाडी थंड राहावी म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट बंद.

विहीणबाईंच्या अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. जावयाला उन्हातून चालायला लागू नये म्हणून गुणवंतरावांनी गाडी उलटी घेत घेत थेट बाजेला टेकवली. सुलोचनाबाई ओट्यावर उभ्या होत्या. रेवती त्यांच्या मागं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आज तरी सगळं नीट पार पडू दे, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

जावई धैर्यशीलराव अंगापिंडानं भरलेले. पांढराशुभ्र पोशाख करून ते ऐसपैस मागच्या सीटवर बसले. बसले आणि तसेच उसळून वर आले. डोकं टपाला आपटलं.

“आई गं!”

“काय झालं रे?” सुलोचनाबाई ओरडल्या.

धैर्यशीलरावांनी मागं हात नेला आणि भरजरी चादरीतून आरपार आलेला काचेचा तुकडा काढून सगळ्यांना दाखवला. कुठं टोचला ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते चोळत होते त्यावरून कळत होतं.

“धोंड्याला नेताय की सुया टोचायला?” सुलोचनाबाई म्हणाल्या.

धैर्यशीलराव लाल होऊन खाली उतरले आणि त्यांनी दार आपटलं. चांगलं ताकदीनं आपटलं. आतली हवा कोंडलेली, तिला जायला फट नाही. मागून ‘फस्स’ असा आवाज आला. ओल्या डिंकावरची नवी काच अख्खीच्या अख्खी जागची सुटली आणि बाजेवर जाऊन आडवी झाली. काचेला काही झालं नाही. कुरडयांचा मात्र चुरा झाला.

रेवतीनं डोळे मिटून घेतले. गुणवंतरावांनी तडक विलासला फोन लावला. घाबरून नको ते बटण दाबलं गेलं आणि विलासचा आवाज साऱ्या अंगणाला ऐकू गेला.

“दादा, गाडी आज हलवायचीच नव्हती ओ! आणि खिडकी थोडी खाली ठेवायची असते, दार हळू लावायचं असतं.”

“अरे मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही वडीलधारे. गाडी हलवू नका, असा हुकूम तुम्हाला मी सोडायचा? दार हळू लावा म्हणालो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, हा आता आपल्याला दार लावायला शिकवतो. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं की!”

“मी कसा विचारणार? तू पाहुणा.”

“आणि मी कसा सांगणार? तुम्हीपण पाहुणेच.”

फोन बंद झाला. सुलोचनाबाई ओट्यावरून खाली उतरल्या. बाजेवरच्या काचेकडे त्यांनी पाहिलं, मग व्याह्यांकडे.

“म्हणजे पाहुणा निघाला की काही विचारायचं नाही, असं आहे तुमच्याकडे?”

“तशी रीत आहे,” गुणवंतराव खाली मान घालून म्हणाले.

“आमची सोयरीक आली तेव्हा तुमच्या मावसभावाच्या सासऱ्याकडून नातं निघालं होतं. तुम्ही तिथल्या तिथं सुपारी फोडलीत. माझा मुलगा कसा आहे, मी कशी आहे, घरात काय चालतं, एका शब्दानं विचारलं नाहीत. मला तेव्हा वाटलं, केवढा विश्वास आहे यांचा!” त्यांनी काचेवर बोट टेकवलं. “पोरगीसुद्धा अशीच बसवून दिलीत होय?”

घाव वर्मी लागला. गुणवंतरावांना भर उन्हात गार वाटलं. त्यांनी आयुष्यात हजारो माणसांना त्यांच्या मामाचं आडनाव विचारलं होतं. पोटच्या पोरीला मात्र काही विचारल्याचं आठवेना. ते रेवतीपुढं जाऊन उभे राहिले. डोळे भरून आले होते.

“रेवती, तू बरी आहेस का गं इथं?”

सासूसमोर, नवऱ्यासमोर असला प्रश्न! रेवती गांगरली. सासूकडं बघायला लागली.

“माझ्याकडं काय बघतेस?” सुलोचनाबाई म्हणाल्या. “सांग की. मलाही ऐकू दे. मीतरी कुठं कधी विचारलंय?”

रेवतीनं पदर सोडला. “बरी आहे बाबा. खरंच बरी आहे. फक्त सारखं टोचून बोललेलं सहन होत नाही. आणि इथला चहा इतका गोड असतो की मला मळमळतं. रोज डोळे मिटून पिते.”

“अगं बये! मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत, आई.”

सुलोचनाबाई खो खो हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “टोचून बोलणं माझ्याच्यानं एकदम सुटायचं नाही गं,” त्या म्हणाल्या, “पण तू मला तिथल्या तिथं अडवत जा. आणि उद्यापासून साखर तुझ्या हातानं घाल.”

मग सगळ्यांनी मिळून सीट बाहेर काढली, चादर झटकली, फटीतले तुकडे वेचले. जावई पुढच्या सीटवर बसले. गाडीला मागं काच नव्हती, धुरळा खुशाल आत येत होता, पण सासू-सून मागं बसून गप्पा मारत आल्या. वत्सलाबाईंचे धोंडे गार झाले होते. कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी धैर्यशीलरावांनी त्यांच्या ओळखीच्या एका काचवाल्याला फोन लावून दिला. गुणवंतरावांनी फोन हातात घेतला, घसा खाकरला.

“हं, ऐका. गाडीचं साल सांगतो, त्याच सालची काच आहे का तुमच्याकडं? तारा हव्यात, वायपरला भोक हवं. नवी आहे ना? वापरलेली असेल तर आत्ताच बोला. येणार कधी? सकाळी म्हणजे किती वाजता? आतले तुकडे तुम्ही काढणार ना? गाडी किती वेळ उभी ठेवायची? पाणी झिरपलं तर परत येऊन बघाल का? आणि होणारा खर्च आधी सांगायचा, मागून एक पैसा वाढवायचा नाही.”

पलीकडचा माणूस खूश झाला. सगळ्याची उत्तरं देऊन झाल्यावर प्रेमानं म्हणाला, “पाव्हणं, गाव कोणतं तुमचं? मामाचं आडनाव काय?”

“काच बसू दे,” गुणवंतराव घाईघाईनं म्हणाले, “मग सांगतो.”

तात्पर्य, नीट ऐका: नातं जोडायला कूळ विचारावं, काम सोपवायला काम विचारावं. आणि जिथं आपलं काळीज सोपवायचं, तिथं तर भीड सोडून, आधीच आणि पुन्हा पुन्हा विचारावं.