राख लावलेली ज्वारी

डोंगरापलीकडे एक बाजारगाव होतं, आणि त्या गावात एक भडभुंजीण राहत होती. भट्टीवर वाळू तापवायची, लोकांचे दाणे त्यात भाजून द्यायचे आणि मजुरीचे मूठमूठभर दाणे ठेवून घ्यायचे. त्यावर ती आणि तिची दोन लेकरं जगत.

एके वर्षी समुद्रापलीकडच्या देशांत दुष्काळ पडला. तिकडचे व्यापारी मागाल तो भाव देऊन धान्य उचलू लागले आणि गावातली ज्वारी दर बाजाराला महाग होत गेली. लोकांनी आधी भाकरी लहान केली, मग एका वेळची सोडली. भडभुंजिणीकडे दाणे घेऊन कुणी फिरकेना.

अशात गावचा शेट गाडीभर पोती घेऊन तिच्या दारात आला.

"जहाजात कच्ची ज्वारी किडते. भाजून दे. मजुरी दुप्पट देईन."

लेकरं उपाशी होती. तिने काही विचारलं नाही. सहा पोती भाजून दिली.

सातवं पोतं घाईत न चाळताच आलं होतं. दाण्यांना राख लागलेली, मध्ये कडुलिंबाचा वाळका पाला. तिचा हात तिथेच थांबला. खायच्या ज्वारीला कुणी राख चोळत नाही. राख चोळतात ती बियाण्याला. आणि एवढं बियाणं गावात एकाच ठिकाणी होतं. सगळ्या घरांनी मिळून भरलेल्या पेवात, जमिनीखालच्या त्या कोठारात. त्याची राखण पाटलाकडे होती.

"शेटजी, हे गावाचं बी आहे!"

"दाणा तो दाणाच," शेट म्हणाला. "बाहेर भाव काय चाललाय, ठाऊक आहे का?"

"आणि पेरायचं काय?"

"पेरणीला अवकाश आहे. तेव्हा लोक विकत घेतील."

"कुणाकडून?"

शेट हसला. "माझ्याकडूनच की. तेव्हा दुसऱ्या बाजारांतून आणीन. हे बघ बाई, दोन पोती तू ठेव. लेकरं पोटभर जेवतील."

त्या हसण्याने तिच्या डोक्यात तिडीक गेली. शेजारची पाण्याची घागर उचलून तिने धगधगत्या भट्टीवर ओतली. भट्टी तडकली, आणि तिची रोजीरोटीही त्याबरोबर गेली. राखेने माखलेले दाणे ओटीत घेऊन ती थेट चावडीवर गेली.

"बघा, तुमची पुढच्या वर्षीची भाकरी! पाटलाने विकली, शेटने घेतली! सहा पोती भाजूनही झाली!"

"सहा पोती तर तूच भाजलीस ना?" गर्दीतून कुणी ओरडलं.

"हो, मीच भाजली! ते आठवलं की माझेच हात तोडावेसे वाटतात. आणि पेवाकडून गाड्या जाताना तुम्ही बघितल्या नाहीत? का बोलला नाहीत?"

पाटील पुढे आला. "उगाच आरडाओरडा नको. मिळालेल्या चांदीतून भरून काढू."

"चांदी पेरणार आहात का, पाटील?"

लोक पेवावर धावले. तिसरा हिस्सा बी शिल्लक होतं; बाकीचं बहुतेक आधीच्या गाड्यांनी बंदराकडे गेलं होतं. त्यांनी शेटच्या गाडीतली न भाजलेली पोती परत आणली, पाटलाची राखण काढून घेतली, पण गेलेला आणि भाजलेला दाणा कुठे उगवतो? त्या वर्षी निम्म्याहून जास्त शेतं उघडी पडली. सुगीला जे थोडं हाती आलं ते माणशी सारखं वाटायचं ठरलं, आणि माप भडभुंजिणीच्या हातात दिलं गेलं.

एका सकाळी शेट थैली घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. आसपासच्या कुठल्याच बाजारात त्याला धान्य मिळालं नव्हतं.

"सांगशील तो भाव देतो."

"थैली आत ठेवा. सगळ्यांना एकच माप आहे." तिने त्याच्या घरच्या माणसांपुरती ज्वारी मोजली.

"फार उपकार झाले, मावशी."

"उपकार कसले? तुमची लेकरंही भुकेली आहेत, म्हणून देते. पण माझा राग गेला असं समजू नका. ती उघडी शेतं रोज माझ्या डोळ्यांसमोर आहेत."

तात्पर्य: चढ्या भावासाठी बियाणं विकणारा साऱ्या गावाची उद्याची भाकरी चोरतो; आणि त्या चोरीवर रागावणं हे प्रत्येक जेवणाऱ्याचं काम आहे.