फणसाची दुसरी फळी

"प्रमाण चोख होतं अक्का. मग तडा गेलाच कसा?"

उदाजी आल्यापासून हेच विचारत होता. अक्का ओसरीवर बसून एका चौरंगाच्या पायाला पॉलिश पेपर घासत होत्या.

"बस की आधी," त्या म्हणाल्या.

आजऱ्याजवळच्या त्या लहानशा मठात अक्का एकट्याच राहतात. आसपासच्या देवळांसाठी पोथीचे चौरंग करतात. अलीकडे लाकूड आणि रेझिनची, म्हणजे ओतलं की काचेसारखं घट्ट होणाऱ्या रसायनाची, टेबलंही करतात. शिकायला आलेल्याला त्या नाही म्हणत नाहीत, आणि शिकवते असंही म्हणत नाहीत.

उदाजीचं गडहिंग्लजला रंगाचं दुकान. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने टेबल करायला घेतलं. दोन बाजूंना दोन फळ्या, मधे निळं रेझिन, नदी वाहावी तसं. आयुष्यातलं पहिलंच टेबल. पण रेझिन ओतायच्या आधीच हा दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सल्ले देऊ लागला होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ते हेच.

तेच टेबल आज टेम्पोतून आलं होतं. ते उतरवायला उदाजी आणि ड्रायव्हर दोघे लागले, तरी वाटेत टेकवावं लागलं.

अक्का पेपर बाजूला ठेवून टेबलाजवळ आल्या. निळ्या रेझिनमधून आरपार तडा गेला होता. कडेला बुडबुडे तसेच गोठून राहिले होते.

"सगळं एकदम ओतलंस?"

"एकदम. पातळ थर देत बसायला वेळ कुणाला आहे?"

"हं..."

त्यांनी एका फळीवरून हात फिरवला. मग दुसऱ्या फळीवरून.

"ही फणसाची. आणि ही?"

"सागवान. बेळगावच्या वखारीतनं आणलं."

"फणसाची जोडीची फळी कुठं हाय?"

उदाजीने ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर शहाणा माणूस, तो तंबाखू मळत टेम्पोच्या पलीकडे गेला.

"भावाच्या गोठ्यात."

"म्हणून वडाची साल पिंपळाला लावलीस व्हय?" अक्का हसल्या.

उदाजी हसला नाही.

"घाई कसली होती रं एवढी?"

"परवा त्याच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. त्याच्या आधी हे माझ्या घरी पुढच्या सोप्यात लागायला पाहिजे होतं."

"त्याला द्यायचं होतं?"

"दाखवायचं होतं."

अक्का आत जाऊन रेझिनचा डबा, ते घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली आणि मोजमापाचा काटा घेऊन आल्या. एका मोठ्या प्लास्टिकच्या मगात दोन्ही मोजून घातलं. उदाजी वाकून काट्याकडे बघत होता. चूक सापडली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. सापडली नाही.

त्यांनी हातमोजे घालून मिश्रण सावकाश ढवळलं. मग एका जुन्या ताटात थोडं ओतलं आणि ताट हलवून ते सगळीकडे पसरू दिलं. ताट कट्ट्यावर ठेवलं. बराचसा भरलेला मग उदाजीच्या हातात दिला आणि हातमोज्यांचा दुसरा जोडही दिला.

"हे घालून धर. खाली ठेवू नको. नकोसं झालं तरच ठेव."

"किती वेळ?"

"बोलून होईस्तवर. फणसाचं काय झालं ते सांग."

अक्का पुन्हा चौरंगाशी जाऊन बसल्या.

उदाजी सांगू लागला. फणस वडिलांनी लावलेला. दोघं भाऊ त्याच्याच सावलीत वाढले. उदाजी मालाच्या कामाला हुबळीला गेला होता, तेवढ्यात भावाने, संग्रामने, नव्या घरासाठी झाड तोडलं. उभं चिरून घेतलं. एक फळी स्वतःच्या गोठ्यात ठेवली आणि जोडीची टेम्पोत घालून उदाजीच्या दारात पाठवून दिली.

"वाटणी केली म्हणे! मला विचारलं नाही. नुसतं विचारायचं होतं, अक्का. मी नाही म्हटलं नसतं."

अक्का घासत राहिल्या.

"आमंत्रण न्हाई आलं?"

"आलं की. अक्षता घेऊन स्वतः आला होता. मी मागच्या दाराने दुकानात निघून गेलो."

"आणि आई?"

"आई माझ्याकडेच असते. म्हणते, तू नाही गेलास तर मीही जायची नाही." तो थांबला. "त्याच्या घराचा रंग कुठला दिलाय ते मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते."

"मग जा की."

"मी का जाऊ? चूक त्याची!" उदाजी भडकला, आणि मग त्याला काहीतरी जाणवलं. "अक्का, हा मग गरम झालाय."

"व्हय? तू बोल."

"गेल्या दिवाळीलासुद्धा त्याने..."

बोलण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं. दिवाळी झाली, विहिरीची मोटर झाली, लहानपणी हरवलेली एक सायकलसुद्धा निघाली. हातातला मग तापतच होता. त्याने तो या हातातून त्या हातात घेतला, पण बोलणं सोडलं नाही. मगाला उग्र वास येऊ लागला. आतलं दाट होत चाललं. नंतर वर बारीक धूर दिसला.

"अक्का!"

"सायकलीचं काय झालं म्हणालास?"

"हात भाजतोय!"

त्याने कसाबसा मग पायरीवर ठेवला आणि मागे सरला. मगाची एक बाजू वाकली. आतून कट्ट असा आवाज आला. डोकावून बघितलं तर रेझिन पिवळं पडून दगड झालं होतं आणि मधोमध तडा गेला होता. त्याच्या टेबलात होता तसाच.

त्याने हातमोजे काढले. तळवे लाल झाले होते. तो कितीतरी वेळ फुंकर घालत बसला.

अक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग कट्ट्यावरचं ताट आणून त्याच्या मांडीवर ठेवलं.

ताटाचं बूड थंड होतं. आतलं रेझिन अजून पातळ आणि नितळ होतं. ताटाच्या तळाशी कोरलेलं कुणाचं तरी नाव स्पष्ट वाचता येत होतं.

"हे त्याच मगातलं?"

"तुझ्या डोळ्यांदेखत ओतलं न्हवं का?"

"मग हे थंड कसं?"

"ते पसरलंय. तू धरून बसला होतास ते तापलं."

टेम्पोच्या पलीकडून ड्रायव्हरचा खोकला ऐकू आला.

उदाजी ताटाकडे बघत राहिला. त्याने ताट कट्ट्यावर ठेवलं, सांभाळून, एकाही बाजूला कलू न देता. आल्यापासून त्याने सावकाश केलेली ही पहिलीच गोष्ट.

"माझं टेबल वाया गेलं का, अक्का?"

"रेझिन गेलं. ते कापून काढू. फणसाला काय झालेलं न्हाई."

"मग पुन्हा ओतताना पातळ थर द्यायचे. एक थंड झाला की दुसरा."

"हां."

"म्हणजे परवापर्यंत होणार नाही."

"न्हाई व्हायचं."

उदाजीने लाल तळवे एकमेकांवर हलकेच ठेवले.

"आणि ते सागवान? ते राहू दे ना तसंच?"

अक्कांनी चौरंग उचलला, पाय समतल आहेत का ते पाहिलं, आणि खाली ठेवला.

"तुझं लाकूड, तुझं टेबल."

"तुम्ही असता तर काय केलं असतं?"

अक्का चौरंगाच्या दुसऱ्या पायाकडे वळल्या. उदाजी उठला. टेबल चढवायला ड्रायव्हरला हाक मारली, मग स्वतःच नको म्हणाला. टेबल मठातच राहू दे म्हणाला. पायरी उतरून तो पुन्हा मागे वळला.

"अक्का... गोठ्यातली फळी मी आणली तर बसेल का हिला? तिकडे कुणाशी काही न बोलता, एकटाच गुपचूप टेम्पोत घालून आणतो."

अक्कांनी पॉलिश पेपर हातात घेतला.

"बसंल की. पर ती एकट्यानं उचलायची न्हाई."