ओळंबा आणि टेकू

पुष्कळ पुष्कळ वर्षं लोटली या गोष्टीला. एका टेकडीच्या उतारावर एक नगर वसलं होतं. घरं मातीच्या भिंतींची, एकमेकांना खेटून बसलेली. वरच्याची भिंत पडली तर खालच्याचा जीव जायचा. एकदा तसं झालंच, आणि झोपलेली माणसं झोपेतच गाडली गेली.

तेव्हा राजाने नियम केला. ज्या भिंतीवर छप्पर उभं आहे, ती भिंत सरळ हवी. वाकडी निघाली तर घर उतरवायचं आणि घरवाल्याने वेशीबाहेर जायचं. नियम चांगला होता. त्याला नावं ठेवणाऱ्याने आधी ती गाडलेली माणसं आठवावीत.

राजाने घरोघरी एकेक ओळंबा दिला. दोरीला बांधलेलं वजन ते. तुळईला टांगलं की सरळ खाली लोंबतं आणि भिंत किती कलली ते मुकाट्याने सांगतं. रोज दिवा लावण्याआधी ओळंबा बघायचा, अशी रीतच पडली. सुगी संपली की राजाचा पाहणीदार येणार होता.

या नगरात एक विणकर राहायचा. बिचाऱ्याच्या भिंतीचा माथा वीतभर दरीकडे झुकला होता. दिवे लावायची वाट बघण्याइतका धीर त्याच्यात कुठला! मागावर बसायचा, चार-दोन धोटे टाकायचा की उठला. ओळंब्याला डोळा लावायचा, परत बसायचा, परत उठायचा. सूत तुटायचं, वीण फसायची, ताटातली भाकरी वाळून जायची.

“अहो, बघून बघून भिंत हलत असती ना,” त्याची बायको म्हणायची, “तर आपली एव्हाना दुसऱ्या अंगाला कलली असती!”

पण त्याला हसू येत नव्हतं. घर गेलं की माग गेला, आणि वेशीबाहेर या बाईला घेऊन जायचं कुठे?

मग त्याला एक युक्ती सुचली. दोरी आणि भिंतीचा माथा यांत जी फट दिसत होती, तिथे त्याने आतून माती थापली. फट बुजली. भिंत कशी सरळ दिसू लागली! त्या दिवशी तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर फट पुन्हा हजर. माथ्यावर ओल्या मातीचं ओझं वाढलं, भिंत आणखी झुकली. त्याने आणखी माती थापली. भिंत आणखी झुकली. जितकी मेहनत, तितका वाक! शेवटी घाबरून त्याने तुळईखाली एक सागवानी टेकू ठोकला, तोही तिरका.

शेजारचा तांबट संध्याकाळी मुद्दाम डोकवायचा. “आमची बोटभरच कललीय हो,” तो म्हणायचा. “तुमची मात्र वीतभर. जपा बरं!” आणि खुशीत घरी जायचा. दुसऱ्याची भिंत बघून ज्याला झोप लागते, त्याचं कौतुक करावं की कीव, मला अजून कळलेलं नाही.

सुगी जवळ आली आणि एके सकाळी राजपुत्र विणकराच्या दारात उभा राहिला. अंगात जाडंभरडं, खांद्यावर कुदळ. विणकर हात जोडून पुढे आला.

“युवराज, मी रोज माती लावतो. अजून लावीन. थोडी मुदत द्या.”

“दादा, माती लावायची थांबवा,” राजपुत्र म्हणाला. “दोष भिंतीत नाही, भिंतीच्या पायात आहे. ही टेकडी वरून भुसभुशीत आहे. तुमच्या आजोबांची भिंत कलली, तुमची कलली. खाली खडक आहे. तिथपर्यंत मी खणतो आणि तुमच्या तुळईखाली नवी भिंत उभी करतो.”

“आणि मी काय द्यायचं?”

“छपराचा भार.”

विणकराला वाटलं, थट्टा चालली आहे. पण राजपुत्राने खरंच चर खणला. दगड आणले तेही स्वतःच्या महालाची भिंत उतरवून. आणि खडक लागला त्याच दुपारी चराची दरड त्याच्या अंगावर कोसळली. लोक ऊर बडवीत धावले. सगळ्यांनी आशा सोडली होती. पण तो त्या मातीतून उठून बाहेर आला. डावा खांदा तेवढा कायमचा वाकडा झाला. त्या नगरात एकच माणूस सरळ होता, आणि आता त्याचाच खांदा वाकडा. विणकर त्या दिवशी रडला.

भिंत उभी राहिली. तुळईखाली, खडकावर, दगडाची. आता विणकर निवांत झाला असेल, असं तुम्हाला वाटलं ना? छे! पाहणीदार दोन घरं पलीकडे येऊन ठेपला तरी याच्या येरझाऱ्या चालूच.

त्याच्या बायकोने मागावरचं एक सूत घेतलं आणि नव्या भिंतीच्या माथ्यावरून, तुळईच्या खालून ओढलं. सूत सुळकन पलीकडे गेलं. ते तिने तसंच तिथे राहू दिलं.

“बघितलंत? भिंत बांधून झाली, पण आपलं छप्पर तिच्यावर टेकलेलंच नाही. अजून तुमच्या टेकूवरच आहे!”

विणकर धावतच राजपुत्राकडे गेला आणि त्याला घेऊन आला. “युवराज, हा टेकू आपणच काढा. माझा हात धजत नाही.”

“भिंत माझी होती, ती मी बांधली,” राजपुत्र म्हणाला. “टेकू तुमचा आहे.”

“आणि छप्पर खाली आलं तर? माग मोडेल. ही खाली उभी आहे!”

“मीही खाली उभा आहे,” राजपुत्र म्हणाला, आणि तुळईखाली जाऊन उभा राहिला.

विणकराने त्या वाकड्या खांद्याकडे पाहिलं. हातोडा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग डोळे मिटून त्याने टेकूच्या बुडावर घाव घातला. तुळई कर्रर्र करत खाली आली आणि दगडावर बसली. वरून मूठभर धूळ पडली, बस्स. बायकोने सूत ओढून पाहिलं. ते तुळईखाली असं घट्ट धरलं गेलं होतं की तुटलं, पण निघालं नाही.

पाहणीदार आला तेव्हा भर दुपार होती आणि विणकर मागाशेजारी घोरत होता.

“उठवू नका हो,” बायको हात जोडून म्हणाली. “फार दिवसांची झोप आहे.”

पाहणीदाराने दगडी भिंतीपाशी ओळंबा सोडला. दोरी आणि भिंत जोडीने सरळ खाली गेल्या. त्याने मातीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. “आणि ही?”

“ती आता काही पेलत नाही. उतरवायचीच आहे.”

“मग या घराला दोष नाही,” पाहणीदार म्हणाला आणि तांबटाकडे गेला.

तांबट हसतमुख उभा होता. “आमची बोटभरच आहे. विणकराची तर वीतभर होती!”

“मी विणकराच्या भिंतीशी मोजत नाही, ओळंब्याशी मोजतो,” पाहणीदार म्हणाला. तांबटाचं घर उतरवलं गेलं.

गलबल्याने विणकर जागा झाला आणि तसाच तांबटाच्या मागे धावला. “थांबा हो! युवराज अजून दगड काढताहेत. त्यांना एकदा भिंत बांधा म्हणा तरी!”

“मला कुणाचे उपकार नकोत,” तांबट म्हणाला, आणि भांड्यांचं बोचकं डोक्यावर घेऊन वेशीबाहेर गेला. विणकर वेशीत उभा राहून कितीतरी वेळ त्याला हाका मारत होता.

नंतर त्याने मातीची भिंत उतरवली आणि त्या जागी सुताची खोली बांधायला घेतली. प्रत्येक थराला ओळंबा लावी. बायकोने विचारलं, “आता कशाला तो? घर तर वाचलं.”

“तेव्हा त्याची भीती वाटायची,” विणकर म्हणाला. “आता तो आवडतो.”

तुटलेल्या सुताचं ते टोक तुळईखालून कायम लोंबत राहिलं. ते ओढून पाहायला तो मागावरून कधी उठला नाही.

तात्पर्य : नियमशास्त्र आपला वाक दाखवतं, कृपा आपला भार पेलते, आणि स्वतःचा टेकू काढून सगळा भार त्या कृपेवर सोडणं हाच तारणारा विश्वास.