दोन पेले पाणी

जिल्ह्यातल्या शाळांना प्रयोगशाळा द्यायच्या होत्या. पण सभापती भाऊसाहेब यादी करताना वाड्या-वस्त्यांवर काट मारत सुटले होते. करंजवाडीच्या शाळेतही ऐटीत म्हणाले, "इथली पोरं कसलं संशोधन करणार? आधी बाटलीचं पाणी आणा, विहिरीचं मला घोटात कळतं."

सातवीतल्या गौतमीने दोन पेले पुढे केले. "साहेब, एकात बाटलीचं आहे आणि एकात आम्ही वाळू-कोळशातून गाळून उकळलेलं विहिरीचं. ओळखा बरं."

"हे बाटलीचं!" भाऊसाहेबांनी पेला रिकामा केला.

"ते विहिरीचं, साहेब."

अख्खा वर्ग खिदळला. भाऊसाहेब उसळले, "एकदा चुकलं म्हणून काय सिद्ध होतं?"

"काहीच नाही," गौतमी शांतपणे म्हणाली. "पुन्हा पुन्हा करून बघावं लागतं. म्हणूनच तर प्रयोगशाळा मागतोय."

भाऊसाहेबांनी यादीत करंजवाडी लिहिली आणि विहिरीचाच आणखी एक पेला मागवला.