पुस्तकाचं बारसं

ओळखा बघू, या गोष्टीत शेवटी कुणाची पाठ सुजली? ओळखलंत तर माझी तपकिरीची डबी तुमची! नाही ना येत? मग गप ऐका.

दर्यागडचा राजा भैरोजी लालबुंद झाला होता. "अकरा दिवस हे पुस्तक ऐकतोय, आणि कळलं काडीचं नाही!"

पुस्तक सातासमुद्रापारचं, तिकडं लई गाजलेलं. म्हाताऱ्या धाकू तांडेलानं गलबतातून आणलेलं. तिकडची भाषा त्याला यायची, म्हणून तोच वाचायचा आणि आपल्या बोलीत सांगायचा. पण एक ओळ झाली की दरबारातल्या शास्त्रीबुवांचा हात वर! "थांब! हे बाळ म्हणजे बाळ नव्हे, जीवात्मा! पाळणा म्हणजे पाळणा नव्हे, संसार!" तेवढ्यात राजाला डुलकी. तांडेलानं पुढं वाचलं, की दचकून जाग!

"तिकडं लोक हे ऐकून रडतात म्हणे," राजा गरजला. "का रडतात ते मला दिवेलागणीच्या आत कळलं पाहिजे. नाहीतर पुस्तक चुलीत आणि तांडेल राज्याबाहेर! रोज झोपमोड करतो माझी!"

तांडेलाची बायको येसू, गावची सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. राजासुद्धा! ती पदर खोचून दरबारात आली.

"कळेल, महाराज. मला एक पाळणा द्या, टोपलीभर घुगऱ्या द्या, पाच बाया द्या. आणि शास्त्रीबुवांच्या तोंडात एक लाडू द्या, मोठा!"

पाळणा टांगला. येसूनं पुस्तक दुपट्यात गुंडाळलं, नवऱ्यापुढं धरलं. "वाचा हो."

"एका विणकरणीला नवसानं मुलगा झाला..."

"थांबा! मुलगा झाला आणि बारसं नको? आत्या कुठंय?"

"पुस्तकात आत्या नाही गं."

"मग महाराज, तुम्ही व्हा!"

"मी? आत्या?"

"कळून घ्यायचंय ना? मग बसा खाली!"

बसला बिचारा. पुस्तकाला मांडीवर घेतलं, कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र... रत्नू!" रीत म्हणून बायांनी आत्याच्या पाठीत घालायला हात उचलले, पण पाठ राजाची! गपचूप खाली घेतले. मग पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. राजा एका हातानं दोरी ओढतोय, दुसऱ्यानं घुगऱ्या खातोय!

"आता वाचा पुढं," येसू म्हणाली.

तांडेलानं पाळण्यात वाकून वाचलं. "बाळ रडायचं, त्या नगरीच्या राजाची झोप मोडायची. राजानं हुकूम सोडला, पोराला वेशीबाहेर टाका!"

भैरोजी ताडकन उठला. "टाका? माझ्या रत्नूला? आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा!"

शास्त्रीबुवांनी लाडू गिळला. "महाराज, रत्नू म्हणजे जीवात्मा..."

"गप बसा! भाचा आहे माझा! झोप मोडली म्हणून कुणी कुणाला हाकलतं होय? कोण तो गाढव राजा?"

"तेच विचारायला आले होते, महाराज," येसू म्हणाली. "आमच्या ह्यांचं बोचकं बांधू, की सोडू?"

राजानं तांडेलाकडं पाहिलं, पाळण्याकडं पाहिलं, शेल्यानं डोळे पुसले आणि खदाखदा हसत सुटला. "सोड, येसूआक्का, सोड!"

भाच्यासाठी म्हणून राजानं सोन्याचे वाळे मागवले. बाळ पुस्तकात, वाळे येसूच्या ओटीत!

"आणखी काय हवं?"

"काही नको. पण बारसं अर्धं राहिलंय. आत्याचे धपाटे बाकी आहेत."

राजानं पाठ पुढं केली. "घाला मग!"

पाच बायांनी हळूच घातले. सहावा येसूचा. जन्मला तेव्हा रडावा म्हणून पहिला धपाटा तिनंच घातला होता, हात अजून तसाच!

तीन दिवस महाराज पाठीला हळद लावून पालथे झोपले.